लसीची सुरुवात कोंबडीपासून झाली : लुई पाश्चर यांचं आयुष्य आणि आपल्या खुराड्यातली मानमोडी

२८ सप्टेंबर हा दिवस जगभर रेबीज दिन म्हणून पाळला जातो. ही तारीख निवडली ती लुई पाश्चर यांच्या पुण्यतिथीमुळे. १८९५ साली याच दिवशी फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर द्यायची लस त्यांनी काढली, एवढं आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. दुधाच्या पिशवीवरचा पाश्चराइज्ड हा शब्दही त्यांच्याच नावावरून आला. पण प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केलेली पहिली लस माणसासाठी नव्हती आणि कुत्र्यासाठीही नव्हती. ती कोंबडीसाठी होती.

ही गोष्ट आज सांगायचं कारण आपल्या परसात आहे. गावाकडं बहुतेक घरांत पाच-दहा गावरान कोंबड्या असतातच. त्यांच्या अंड्यांचे, तलंगांचे पैसे घरातल्या बाईच्या हातात येतात. मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, एसटीचं भाडं त्यातूनच भागतं. मग एखाद्या वर्षी ऋतू बदलताना मानमोडी फिरते आणि आठवड्यात खुराडं रिकामं होतं. मरतूक सुरू झाली की धावपळ होते. कुणी मेडिकलमधून माणसाची कॅप्सूल आणून पाण्यात फोडतं, कुणी हळद-लसूण चारतं. तरी कोंबड्या मरतातच आणि मग औषधालाच गुण नाही असं म्हटलं जातं. औषध का लागू पडत नाही आणि त्याऐवजी काय करायला पाहिजे, हे पाश्चर यांचं आयुष्य पाहिलं की नीट कळतं.

चामडं कमावणाऱ्याचा मुलगा

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधल्या दोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या फौजेत शिपाई होते. नंतर ते कातडी कमावायचा धंदा करू लागले. पुढं हे कुटुंब आर्ब्वा या छोट्या गावी राहायला गेलं आणि लुई तिथंच वाढले. लहानपणी त्यांना चित्रं काढायचा नाद होता. आईवडिलांची त्यांनी काढलेली चित्रं आजही जपून ठेवलेली आहेत. अभ्यासात ते फार हुशार गणले जात नव्हते.

पंधरा-सोळा वर्षांचे असताना त्यांना शिकायला पॅरिसला पाठवलं. पण घरच्या आठवणीनं करमेना, म्हणून थोड्याच दिवसांत ते परत आले. नंतर पुन्हा तयारी केली. पॅरिसच्या नामांकित कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत ते पास झाले, पण नंबर मनासारखा आला नव्हता. म्हणून प्रवेश न घेता वर्षभर आणखी अभ्यास केला, परत परीक्षा दिली आणि वरचा नंबर काढूनच आत गेले. हा चिवटपणा पुढं आयुष्यभर राहिला.

एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पाश्चर डॉक्टर नव्हते आणि पशुवैद्यही नव्हते. ते रसायनशास्त्राचे माणूस. म्हणून पुढं डॉक्टर मंडळींनी त्यांना खूप विरोध केला.

१८४९ मध्ये मारी लोराँ यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पाच मुलं झाली, त्यातल्या तीन मुली लहानपणीच गेल्या. थोरली १८५९ मध्ये टायफॉइडनं गेली. १८६५ मध्ये धाकटी दोन वर्षांची मुलगी गेली आणि पुढच्याच वर्षी बारा वर्षांची तिसरी मुलगी टायफॉइडनं गेली. त्या काळी रोग कशानं होतो हेच लोकांना नीट ठाऊक नव्हतं. रोगामागं डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, हे सिद्ध करण्यासाठी या माणसानं उरलेलं आयुष्य घातलं.

दारू, दूध आणि रेशमाची अळी

काही काळ ते लील शहरात प्राध्यापक होते. तिथं बिटापासून मद्यार्क काढणाऱ्यांचा माल आंबून खराब होत होता. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर चांगल्या मालात यीस्ट दिसायचं आणि खराब मालात दुसरेच बारीक जीव. म्हणजे आंबणं हे जिवंत जीवांचं काम आहे, हे त्यांनी दाखवलं. पातळ पदार्थ ठरावीक मर्यादेपर्यंत तापवला की खराब करणारे जीव मरतात, ही पद्धत त्यांनी आधी वाइनसाठी काढली. दुधाला ती नंतर लागू झाली.

१८६५ मध्ये त्यांच्या गुरूंनी त्यांना दक्षिण फ्रान्समध्ये पाठवलं. तिथं रेशमाच्या अळ्या रोगानं मरत होत्या आणि हजारो शेतकरी कुटुंबं बुडायला आली होती. पाश्चर यांनी तोवर रेशमाची अळी हातातही घेतली नव्हती. पण पाच-सहा वर्षं हंगामाच्या हंगाम तिथं राहून त्यांनी काम केलं. अंडी घातलेली मादी चुरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, रोगाचे कण दिसले की तिची अंडी फेकून द्यायची, ही रीत त्यांनी बसवली. आपल्या बीड-जालन्याकडं तुतीवर रेशीम करणाऱ्यांना जे निरोगी अंडीपुंज मिळतात, त्यामागं आजही ही मादी तपासायची पद्धत आहे.

याच कामात त्यांच्या लक्षात आलं की अळ्यांना एक नव्हे, दोन रोग आहेत. दुसऱ्या रोगाला फ्लॅचरी म्हणतात. त्यात अळी मऊ पडते, काळवंडते आणि कुजते. तिच्या आतड्यात त्यांना जिवाणू दिसले. पण उकाडा, ओला पाला आणि कोंडलेली हवा यांनी अळी आधी अशक्त होते आणि मग हे जिवाणू माजतात, असंही त्यांनी ओळखलं. पुढच्या काळात कळलं की बऱ्याच वेळा या रोगात आधी विषाणू आतड्याची नासाडी करतो आणि नंतर जिवाणू हात धुवून घेतात. पाश्चर यांच्या काळात विषाणू दिसत नव्हता, त्यामुळं त्यांना दुसरा चोर सापडला. कडी मोडून देणारा पहिला चोर अंधारातच राहिला.

कोंबडीच्या रोगाचंही बरंचसं असंच असतं. आधी विषाणू येतो, मग त्याच्या मागून जिवाणू. ते पुढं बघू.

या कामाच्या मधेच, ऑक्टोबर १८६८ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वय अवघं ४५. डावी बाजू लुळी पडली आणि ती पूर्ण बरी कधीच झाली नाही. पुढची सगळी मोठी कामं त्यांनी याच अवस्थेत, जोडीदार संशोधकांच्या हातांच्या मदतीनं केली.

कोंबड्यांचा कॉलरा

१८७८-७९ च्या सुमारास फ्रान्समध्ये कोंबड्यांचा एक रोग फिरत होता. कोंबडी पंख पाडून, पिसं फुगवून बसायची, डोळे मिटायची आणि बघता बघता मरायची. त्याला कोंबड्यांचा कॉलरा म्हणत. तुलूझच्या पशुवैद्यकीय शाळेतले प्राध्यापक आँरी तूसाँ यांनी या रोगाच्या जिवाणूवर काम केलं होतं. त्यांनीच नमुना पाश्चर यांच्याकडं पाठवला.

पाश्चर यांनी कोंबडीच्याच मांसाच्या रश्श्यात तो जिवाणू वाढवला. त्या रश्श्याचा थेंब खाद्यावर टाकून कोंबडीला चारला तरी ती मरायची आणि तिच्या विष्ठेतून रोग दुसऱ्या कोंबड्यांना लागायचा. गिनीपिगला तोच जिवाणू टोचला तर मात्र नुसतं गळू व्हायचं आणि तो मजेत हिंडायचा. पण त्या गळूतला पू कोंबड्यांच्या खाण्यात गेला की कोंबड्या मरायच्या. वरून धडधाकट दिसणारा प्राणीही रोग वाहून आणतो, हे यातून दिसलं. बाजारातून आणलेली ठणठणीत कोंबडी आणि तिच्या मागून आलेली मर, हा अनुभव आपल्याकडं अनेकांना आहे.

यानंतर जे घडलं त्याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. सुट्टीत रश्श्याच्या बाटल्या तशाच पडून राहिल्या, परत आल्यावर तो जुना रस्सा कोंबड्यांना टोचला, तर त्या थोड्या आजारी पडून बऱ्या झाल्या आणि नंतर ताजा जहाल जिवाणू टोचला तरी मेल्या नाहीत. गोष्ट म्हणून छान आहे. पण पुढं अभ्यासकांनी पाश्चर यांच्या वह्या तपासल्या, तेव्हा हे काम इतकं अचानक झालं नव्हतं असं दिसलं. १८७९ च्या शरद ऋतूपासून काही महिने प्रयोग चालू होते आणि त्यात एमिल रू या तरुण सहकाऱ्याचा मोठा हात होता. कष्टाचं काम नशिबाच्या नावावर गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

१८८० मध्ये पाश्चर यांनी हे काम पॅरिसच्या विज्ञान अकादमीत मांडलं. जिवाणू बरेच दिवस हवा लागत तसाच ठेवला की त्याचा जोर कमी होतो आणि असा जोर कमी झालेला जिवाणू टोचला की अंगात रोगाशी लढायची ताकद तयार होते, हे सार होतं. त्याच्या आधी, १७९६ मध्ये, इंग्लंडच्या जेन्नर यांनी गायीच्या देवीचा उपयोग करून माणसाला देवी रोगापासून वाचवलं होतं. पण ती निसर्गात तयार मिळालेली गोष्ट होती. रोगाचाच जिवाणू घेऊन माणसानं त्याला प्रयोगशाळेत नरम करायचं, हे कोंबडीवर पहिल्यांदा झालं. जेन्नर यांच्या मानासाठी पाश्चर यांनी अशा सगळ्या टोचण्यांना गायीवरून आलेला व्हॅक्सिन हाच शब्द चालू ठेवला.

विरोधही झाला. वैद्यक अकादमीत या विषयावरून इतकी खडाजंगी झाली की ज्यूल गेराँ या ऐंशीच्या घरातल्या डॉक्टरांनी पाश्चर यांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. लोकांनी मधे पडून ते मिटवलं. आणि खरं सांगायचं तर ती कोंबडीची लस व्यवहारात फारशी टिकली नाही. तिचा जोर कधी कमी पडायचा, कधी जास्त व्हायचा. पण रस्ता सापडला होता.

त्या जिवाणूला पुढं पाश्चर यांच्या नावावरून पाश्चुरेला असं नाव पडलं. आपल्याकडं पावसाळ्यात गाई-म्हशींना होणारा घटसर्प याच जिवाणूमुळं होतो. मे-जूनमध्ये आपण जनावरांना घटसर्प-फऱ्याची लस टोचून घेतो, तिचं मूळ असं कोंबडीच्या रश्श्यापर्यंत जातं.

मेंढ्या आणि मग न दिसणारा रोग

मे १८८१ मध्ये पुई-ल-फोर या गावच्या शेतावर पाश्चर यांनी सगळ्यांसमोर प्रयोग केला. रोग होता काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स. २४ मेंढ्या, एक शेळी आणि सहा गुरं यांना लस दिली. तेवढ्याच मेंढ्या, एक शेळी आणि चार गुरं बिनलसीची ठेवली. ३१ मे रोजी सगळ्यांना जहाल जिवाणू टोचला. २ जूनला शेतकरी, पशुवैद्य आणि पत्रकार यांची गर्दी जमली. लस दिलेल्या मेंढ्या चरत होत्या, बिनलसीच्या मेंढ्या मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या होत्या.

या यशाला एक डागही आहे. त्या दिवशीची लस शांबरलाँ या सहकाऱ्यानं रसायन वापरून केलेली होती. पाश्चर यांनी ती आपल्या हवेच्या पद्धतीची असल्याचा लोकांचा समज तसाच राहू दिला. तूसाँ यांनीही तशाच वाटेनं आधी काम केलं होतं, त्यांना हवं तेवढं श्रेय मिळालं नाही. वह्या लोकांसाठी खुल्या झाल्यावर, विसाव्या शतकात, हे बाहेर आलं. माणूस मोठा होता, पण माणूसच होता.

नंतर रेबीज. या रोगाचं कारण काही केल्या सूक्ष्मदर्शकात दिसेना आणि रश्श्यातही वाढेना. कारण तो विषाणू होता आणि विषाणू हा प्रकारच तेव्हा कुणाला माहीत नव्हता. पाश्चर आणि रू यांनी तो सशाच्या मज्जारज्जूत वाढवला आणि ते तुकडे कोरड्या हवेत वाळवून त्याचा जोर कमी केला. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला आईनं पॅरिसला आणलं. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याला ठिकठिकाणी चावलं होतं. पाश्चर डॉक्टर नसल्यानं सुई ग्रांशे या डॉक्टरांनी टोचली. दहा-अकरा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या आणि पोरगा वाचला. आपल्या जुन्या माणसांना पोटात चौदा इंजेक्शनं आठवतात, ती लस याच वंशावळीतली. आता दंडात थोडकी इंजेक्शनं पुरतात.

लोकांनी देणग्या दिल्या आणि १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर संस्था उभी राहिली. तिथंच काम केलेले हाफकिन पुढं भारतात आले आणि १८९७ मध्ये मुंबईत त्यांनी प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

पुणे, मुक्तेश्वर आणि राणीखेत

जनावरांच्या रोगांसाठी भारतातली सरकारी जिवाणू प्रयोगशाळा १८८९ मध्ये सुरू झाली ती आपल्या पुण्यात. १८९३ मध्ये ती हिमालयातल्या कुमाऊँ भागात मुक्तेश्वरला हलवली. इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

१९२७ च्या सुमारास याच कुमाऊँतल्या राणीखेत गावी कोंबड्यांची भयंकर मर झाली आणि मुक्तेश्वरच्या शास्त्रज्ञांनी त्या रोगाचा अभ्यास केला. म्हणून भारतात त्याला राणीखेत हे नाव पडलं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ तोच रोग त्याच सुमारास सापडला होता, म्हणून जग त्याला न्यूकॅसल म्हणतं. आपण मानमोडी म्हणतो. हा विषाणूचा रोग. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरलाच विषाणूचा जोर कमी करून लस तयार झाली. आठव्या आठवड्यात टोचायची आरटूबी लस ती हीच. रीत पाश्चर यांचीच, रोग तेवढा बदलला.

खुराड्यापाशी काय करायचं

मानमोडीत कोंबडी तोंड उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरी हगवण होते, अंडी बंद होतात, पाय-पंख लुळे पडतात आणि मान मुरगळते. या विषाणूला मारणारं औषध नाही. अँटिबायोटिक जिवाणूवर चालतं, विषाणूवर नाही. मग डॉक्टर कधी कधी अँटिबायोटिक का देतात? तर विषाणूनं कोंबडीची श्वासनळी आणि आतडं सोललेलं असतं आणि त्या उघड्या दारातून जिवाणू आत शिरतात. त्यात पाश्चुरेलाही असू शकतो. हा मागून आलेला चोर औषधानं आवरला, तर जी कोंबडी विषाणूच्या तडाख्यातून तगू शकते ती तगते. औषधाचं काम एवढंच. म्हणून ते पशुवैद्यकानं सांगितल्याशिवाय देऊ नये, सांगितलेले दिवस पूर्ण द्यावं आणि त्या काळातली अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्यावं. माणसाची उरलेली कॅप्सूल अंदाजानं फोडून घालण्यात फायदा नाही.

आजारी कोंबडी वेगळ्या डालग्याखाली, उबेला आणि कोरड्यात ठेवावी. पाण्यात इलेक्ट्रोलाइट आणि जीवनसत्त्वं द्यावीत. धडधाकट कोंबड्यांना आधी दाणा-पाणी घालावं, आजारीला शेवटी, आणि हात साबणानं धुवावेत. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता खड्डा करून चुना टाकून पुरावी. मर लागली म्हणून उरलेल्या कोंबड्या बाजारात नेऊ नयेत, त्यानं रोग चार गावं फिरतो.

देवी हाही विषाणूचाच. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड येऊन खपल्या धरतात. बऱ्याच कोंबड्या तीन-चार आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. पण खपल्या ओरबाडल्या की जखमेत जिवाणू शिरतो, डोळा चिकटतो आणि कोंबडी खाता न आल्यानं मरते. म्हणून खपली न काढता कोमट मिठाच्या पाण्यानं डोळा पुसावा आणि दवाखान्यातून मलम आणावं.

एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या, तोंड सुजलं, तुरा निळा पडला, तर बर्ड फ्लूचीही शंका असते. हात न लावता दवाखान्याला लगेच कळवावं.

आता मुख्य काम, लस. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. साधारण चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा. आठव्या आठवड्यात आरटूबीचं इंजेक्शन. ही लस जोरकस असते, त्यामुळं लहान पिल्लाला द्यायची नाही. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत, पण आरटूबीच्याच दिवशी नको, मधे किती दिवस ठेवायचे ते दवाखान्यात विचारावं. लस बर्फातून आणावी, सकाळी गारव्याला द्यावी, कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी. आजारी कोंबडीला लस देऊ नये. विकत आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवल्याशिवाय खुराड्यात सोडू नये.

अडचण एकच असते. लसीच्या एका बाटलीत शंभर-दोनशे कोंबड्यांचा डोस असतो आणि एका घरी कोंबड्या दहा. म्हणून लस राहून जाते. यावर उपाय गल्लीनं मिळून करायचा आहे. बचत गटाच्या बायकांनी आपापली पिल्लं मोजावीत, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून एक सकाळ ठरवावी आणि अख्ख्या वस्तीचं लसीकरण एकाच दिवशी उरकावं. मर लागायच्या आधी हे करावं लागतं, कारण लस निरोगी अंगातच काम करते. मानमोडी दारात आल्यावर मेडिकलच्या फेऱ्या मारण्यापेक्षा त्या एका सकाळचा खोळंबा कितीतरी स्वस्त पडतो.